तासिका तत्त्वावरचे शिक्षक आणि आमची परिषद

मोठ्या माणसांनी गणित कसं शिकावं आणि त्यांना ते कसं शिकवावं, एवढ्याच विषयाला वाहिलेली एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे. ‘ॲडल्ट्स लर्निंग मॅथमॅटिक्स’ हे तिचं नाव. आम्ही नुसतं एएलएम म्हणतो. तिच्या विश्वस्त मंडळावर मी काही वर्षं काम केलं. मी मूळची साताऱ्याची. लंडनमधल्या एका कॉलेजात संध्याकाळचे गणिताचे वर्ग घेते. वर्गात बसचालक असतात, वृद्धांच्या घरी जाऊन त्यांचं सगळं करणाऱ्या बायका असतात, नर्सिंगला प्रवेश हवा म्हणून पस्तिशी उलटल्यावर दहावीच्या तोडीची गणिताची परीक्षा देणाऱ्या आया असतात. मी संशोधक नाही. माझी नेमणूक तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे शिकवले तेवढ्या तासांचे पैसे. महाराष्ट्रातल्या शिक्षकांना हे समजावून सांगायला नको. असा शिक्षक आमच्या परिषदेला येऊ शकतो की नाही, हे आम्ही घेतलेल्या अगदी किरकोळ दिसणाऱ्या निर्णयांवर ठरतं. संस्था चालवताना माझं लक्ष सगळ्यात जास्त तिथेच राहिलं, म्हणून हे लिखाणही त्याच बाजूने आहे.

हा विषय महत्त्वाचा का, ते आधी सांगते. ब्रिटनमध्ये १९८२ साली गणितशिक्षणावरचा कॉकक्रॉफ्ट समितीचा अहवाल आला. त्यासाठी सर्वसामान्य प्रौढांना रोजच्या आयुष्यातल्या गणिताबद्दल मुलाखती द्यायला बोलावलं, तेव्हा विचारलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी यायलाच नकार दिला. विषय गणित आहे एवढं कळणं पुरलं. ही माणसं घर चालवत होती, नोकऱ्या करत होती, मुलं वाढवत होती. माझ्या वर्गातही पहिल्या आठवड्यात हेच दिसतं. ज्या बाईने तीन मुलांच्या फीचे, भाड्याचे आणि गावाकडे पाठवायच्या पैशांचे हिशेब वर्षानुवर्षं चोख ठेवलेत, ती अपूर्णांक बघून पेन खाली ठेवते.

तरीही या लोकांच्या गणिताला कुठल्याच व्यासपीठावर हक्काची जागा नव्हती. गणितशिक्षणाच्या परिषदांत बोलणं व्हायचं ते शाळकरी मुलांबद्दल. प्रौढशिक्षणाच्या परिषदांत सगळा भर लिहिण्या-वाचण्यावर. जगभरातल्या गणितशिक्षणाचं मोठं संमेलन भरतं, ते दर चार वर्षांनी. या मधल्या जागेत १९९४ च्या जुलैमध्ये बर्मिंगहॅमच्या फरक्रॉफ्ट कॉलेजात काही मंडळी जमली आणि एएलएमची सुरुवात झाली. डायना कोबेन या त्यामागच्या प्रमुख व्यक्ती. शिकवणारे आणि संशोधन करणारे एकाच टेबलाशी बसतील, हा पहिल्यापासूनचा हेतू. पुढे लिमरिक, उट्रेक्ट, बॉस्टन, रॉस्किल्ड, मेलबर्न, बेलफास्ट, ओस्लो, ऑकलंड, बर्न, रॉटरडॅम, लुंड अशी परिषद फिरत राहिली. २०१८ साली ती लंडनमध्ये होती. माझ्यासाठी तो पहिला प्रवेश, आणि कारण अगदी साधं: भुयारी रेल्वेने जाता येत होतं आणि रात्री स्वतःच्या घरी झोपता येत होतं. परिषद दुसऱ्या देशात असती तर विमान, हॉटेल, शुल्क आणि बुडालेले तास असा चौपट खर्च पडला असता, आणि मी गेले नसते.

संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा परिषदेतच भरते. मागच्या सभेचं इतिवृत्त, खजिनदाराचा अहवाल, मग विश्वस्तांची निवड. सूचक हवा, अनुमोदक हवा. सहकारी सोसायटीच्या सभा ज्यांनी पाहिल्यात त्यांना यात नवं काही वाटणार नाही. फक्त इथे सूचक एका खंडातला आणि अनुमोदक दुसऱ्या खंडातला असू शकतो. पुढे चहाच्या रांगेत एका ज्येष्ठ बाईंनी मला विचारलं की मंडळावर येशील का, वर्गात शिकवणारी माणसं आम्हाला कमी पडतात. मी हो म्हटलं.

विश्वस्त होणं म्हणजे नक्की काय, हे मग कळलं. एएलएमची नोंदणी इंग्लंडमध्ये आहे, आणि ती दुहेरी आहे. कायद्याच्या नजरेत ती हमीद्वारे मर्यादित असलेली कंपनी आहे, म्हणजे तिला भागधारक नसतात, सदस्य ठरावीक रकमेची हमी देतात, आणि त्याच वेळी ती धर्मादाय संस्थाही आहे. म्हणजे दोन दरवाजे. कंपन्यांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या कंपनीज हाउसकडे वर्ष संपल्यापासून ९ महिन्यांच्या आत लेखे जायला हवेत, शिवाय संचालक कोण, पत्ता कोणता याचं वार्षिक विवरण वेगळं. धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या चॅरिटी कमिशनकडे वार्षिक विवरणाला १० महिन्यांची मुदत. सगळे विश्वस्त विनावेतन, आणि निर्णयांची जबाबदारी सगळ्यांची सारखी. खजिनदार हिशेब बघतो म्हणून बाकीच्यांनी डोळे मिटून सही करायची, असं चालत नाही. मी ताळेबंद वाचायला शिकले. गणिताच्या शिक्षकांच्या संस्थेत हे सोपं असेल असं कुणालाही वाटेल. पण राखीव निधी किती ठेवायचा हा प्रश्न बेरजेचा नसतो, तो धोका किती पत्करायचा याचा असतो, आणि त्यावर आमच्यात चांगल्या कडाक्याच्या चर्चा झाल्या.

सगळ्यात अवघड निघाली ती बैठकीची वेळ. मंडळावर न्यूझीलंडपासून अमेरिकेपर्यंतची माणसं असली की घड्याळात सगळ्यांना जमणारी अशी जागाच फारशी उरत नाही. हिवाळ्यात लंडनमध्ये रात्रीचे ८ वाजतात तेव्हा नेदरलँड्समध्ये ९ वाजलेले असतात, बॉस्टनमध्ये दुपारचे ३ आणि ऑकलंडमध्ये दुसऱ्या दिवशीच्या सकाळचे ९. उन्हाळ्यात हेच लंडनचे ८ म्हणजे ऑकलंडमध्ये सकाळचे ७, कारण एकीकडे घड्याळ पुढे सरकतं तेव्हा दुसरीकडे मागे. तीही एकाच दिवशी सरकत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात मधले काही आठवडे प्रत्येक तारखेला पुन्हा हिशेब करावा लागतो. आणि याच हिवाळी ८ वाजता पुण्यात रात्रीचा दीड वाजलेला असतो. भारतातून मंडळावर कुणी का नाही, असं मला साताऱ्याच्या मैत्रिणी विचारायच्या. एक उत्तर या दीड वाजण्यात आहे. आळीपाळीने वेळ बदलावी, प्रत्येक खंडाने कधीतरी गैरसोय सोसावी, असं मी मांडलं. मला ते अजूनही पटतं. पण संध्याकाळी शिकवणाऱ्यांना, म्हणजे माझ्यासारख्यांनाच, दुपारची किंवा पहाटेची वेळ जमत नाही आणि रात्रीचीच जमते, ही अडचणही तेवढीच खरी आहे.

परिषदेची तयारी वर्षभर आधी, कधी त्याहून आधी सुरू होते. यजमान हवा. यजमान म्हणजे एखादं विद्यापीठ किंवा कॉलेज आणि तिथला एखादा जिद्दी माणूस, जो स्वतःच्या संस्थेकडून खोल्या मिळवू शकेल. खोल्या फुकट मिळाल्या की निम्मी चिंता जाते. जेवणवाल्याला मात्र माणसांचा आकडा आधी पक्का सांगावा लागतो, आणि लोक नावं नोंदवतात अगदी शेवटी. त्यामुळे किती जण आले तर खर्च निघतो, हा आकडा स्थानिक समितीच्या मनात सतत असतो. नोंदणी लवकर करणाऱ्याला सवलत द्यायची पद्धत याचसाठी आहे. पण इथेच तासिकेवरच्या शिक्षकाचा प्रश्न येतो. विद्यापीठातल्या प्राध्यापकाला प्रवासभत्ता चार महिने आधी मंजूर होतो. तो लवकर नोंदणी करून कमी पैसे भरतो. माझ्या सहकारी शिक्षिकेला जुलैत वर्ग असतील की नसतील हे जूनमध्ये कळतं. तिला जास्त दर भरावा लागतो, तोही स्वतःच्या खिशातून. तेव्हापासून मी प्रत्येक अंदाजपत्रकात दोन रकाने मागत आले: एका दिवसाचं वेगळं शुल्क किती, आणि स्वतःच्या पैशाने येणाऱ्याला सवलत किती. एका दिवसाचं शुल्क ठेवलं आणि तो दिवस शनिवार असला की आजूबाजूच्या कॉलेजांतले शिक्षक येतात. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

सदस्यत्वाच्या वर्गणीतही असंच काही दडलेलं असतं. परदेशातून छोटी रक्कम पाठवली की मधल्या बँका आपापला वाटा कापून घेतात. ज्या देशात पगार कमी आहेत तिथल्या सदस्याला वर्गणीपेक्षा ती पोहोचवण्याचाच खर्च डोईजड होतो. आणि व्हिसा. निमंत्रणपत्र लिहिणं हे माझ्याकडचं काम होतं. नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच, तारखा, निबंधाचं शीर्षक, निवासाची सोय, खर्च कोण करणार. एका शिक्षिकेचा निबंध स्वीकारलेला होता, पत्र वेळेत गेलं होतं, तरी व्हिसा नाकारला गेला. तिचं सत्र आम्ही तिच्या सहकाऱ्याकडून वाचून घेतलं. प्रश्नोत्तरांच्या वेळी उत्तर द्यायला ती नव्हती, आणि मला ते फार लागलं.

निबंधांचे सारांश येऊ लागले की ते वाचून सुचवण्या द्यायच्या. मला या कामाची गोडी लागली. विद्यापीठातून आलेल्या सारांशात सैद्धांतिक चौकट, पद्धती, निष्कर्ष सगळं जागच्या जागी असतं. शिक्षकाच्या सारांशात बऱ्याचदा एक जिवंत वर्ग असतो आणि बाकी काहीच नसतं. असा सारांश नाकारणं सोपं आहे. आम्ही काही जणांनी ठरवलं की नाकारण्याऐवजी त्या शिक्षकाशी बोलायचं: तू नेमकं काय बदललंस, कशावरून कळलं की विद्यार्थ्यांना उपयोग झाला, एखादं वहीचं पान आहे का? एवढ्या तीन प्रश्नांनी सारांश उभा राहतो. शक्य तिथे त्या शिक्षकाला एखादा संशोधक जोडून द्यायचा.

या जोडण्याने काय होतं, याचं माझ्याच वर्गातलं उदाहरण देते. नर्सिंगच्या उमेदवारांना औषधाच्या मात्रेचं सूत्र पाठ करायला लावतात: हवी ती मात्रा भागिले हाताशी असलेली मात्रा, गुणिले द्रावण. डॉक्टरने ७५ मिलिग्रॅम लिहून दिलंय, कुपीत २ मिलिलीटरमध्ये ५० मिलिग्रॅम आहे, तर किती मिलिलीटर द्यायचं? माझ्या वर्गातल्या बायका सूत्र मांडत, वरचं खाली करत आणि रडकुंडीला येत. सेलिया हॉइल्स, रिचर्ड नॉस आणि स्टेफानो पोझ्झी यांचा २००१ सालचा एक अभ्यास आहे. त्यांनी प्रत्यक्ष वॉर्डात काम करणाऱ्या अनुभवी परिचारिका पाहिल्या. शिकवलेलं सूत्र न वापरता त्या औषध आणि द्रावण यांच्या प्रमाणावरून थेट उत्तर काढत होत्या, आणि ते बरोबर असायचं. हे मला परिषदेत भेटलेल्या एका संशोधिकेने सांगितलं, आणि ते ऐकताना मला माझे आजोबा आठवले. ७५ म्हणजे ५० ची दीडपट. मग २ ची दीडपट ३. त्यांना यासाठी कागद लागला नसता, दिडकी तोंडपाठ होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे पाढे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत होते. सात दीडे साडेदहा, सात सव्वा पावणेनऊ. मी लंडनच्या वर्गात दीडपटीचा छोटा पाढा सुरू केला आणि पुढच्या आठवड्यात मात्रांची गणितं त्यातून सोडवायला घेतली. सूत्र सोडलं नाही, परीक्षेत ते लागतं. पण उत्तर किती यायला हवं हे आता त्यांना आधी कळतं. औषध टोचणाऱ्या हाताला तेच कळायला हवं.

गणित करण्याच्या अशा देशोदेशींच्या पद्धतींवरच मी एका परिषदेत कार्यशाळा घेतली. सगळ्यांना एक भागाकार दिला, १५३६ भागिले १२, आणि आपापल्या देशात कागदावर कसा मांडतात ते फळ्यावर लिहायला सांगितलं. इंग्रजांचं उत्तर वरच्या रेघेवर. डच शिक्षिकेने डावीकडे भाजक, मध्ये भाज्य, उजवीकडे भागाकार लिहिला, अगदी आपल्या मराठी शाळेसारखा. मी थक्क झाले, तीही झाली. ऑस्ट्रियाचे शिक्षक वजाबाकी करताना खालच्या संख्येत किती मिळवलं की वरची येते असं म्हणत पुढे जातात; आपण हातचा घेतो. दशांशचिन्हाच्या जागी कुणी टिंब देतो, कुणी स्वल्पविराम. एक लाख लिहिताना आपला स्वल्पविराम भलतीकडेच असतो. माझ्या वर्गात या सगळ्या देशांतून आलेली माणसं एका बाकावर बसतात, आणि त्यांची पद्धत वेगळी दिसली की शिक्षक ती चूक धरतो. त्या तासभरात फळा भरून गेला. कार्यशाळेत प्राध्यापक आणि शिक्षक सारखेच बोलत होते, कारण लहानपणी भागाकार सगळ्यांनीच केलेला होता. परिषदेच्या कार्यक्रमात निबंधवाचनाइतक्याच कार्यशाळा हव्यात, हा आग्रह मी तिथून धरला.

परिषद संपली की काम संपत नाही. परिषदेचा ग्रंथ काढायचा असतो. लेखकांना स्मरणपत्रं, संदर्भांची मांडणी, आकृत्या, आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्या लेखांवर हात फिरवणं. या शेवटच्या कामात फार जपावं लागतं. भाषा सरळ करताना माणसाचं म्हणणं बदलता कामा नये. शिवाय संस्थेचं स्वतःचं नियतकालिक आहे, २००५ पासूनचं, कुणालाही विनामूल्य वाचता येणारं. विनामूल्य असण्यावर मी कधीही तडजोड होऊ देणार नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं कार्ड नसलेल्या शिक्षकाला जगातलं बहुतेक संशोधन कुलपात असतं.

कोविडच्या काळात परिषद पडद्यावर आली. ज्यांना प्रवास कधीच परवडला नसता अशी माणसं दिसू लागली, स्वयंपाकघरातून, गाडीतून, शाळेच्या स्टाफरूममधून. चहाच्या रांगेतलं बोलणं मात्र गेलं, आणि माझ्यासारखीला मंडळावर बोलावलं गेलं ते त्याच रांगेत. दोन्ही एकत्र ठेवायचं तर प्रत्येक खोलीत चांगला ध्वनिक्षेपक आणि दूरच्या माणसांकडे लक्ष ठेवणारी एक स्वतंत्र व्यक्ती लागते. हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरला नाही तर दूरची माणसं नुसती प्रेक्षक होतात.

सरकारी पैशाचं वारं कुठे वाहतंय, यावरही संस्थेची भरती-ओहोटी ठरते. ब्रिटनमध्ये प्रौढांच्या गणितासाठी ‘मल्टिप्लाय’ नावाची योजना आली, ५५ कोटी ९० लाख पौंडांपर्यंतची, आणि २०२५ च्या मार्चमध्ये संपली. योजना चालू असताना शिक्षक नेमले जातात, त्यांना परिषदेला पाठवलं जातं. योजना संपली की तीच माणसं दुसरी नोकरी शोधतात. प्रौढांच्या कौशल्यांची आंतरराष्ट्रीय पाहणी, पीआयएएसी, हिच्या दुसऱ्या फेरीचे निकाल २०२४ च्या डिसेंबरमध्ये ३१ देशांसाठी जाहीर झाले. निकाल आले की वर्तमानपत्रांतून आठवडाभर हळहळ होते. त्यात भारत नाही. पण भारतात २०२२ ते २०२७ या काळासाठी ‘उल्लास’ म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम सुरू आहे, १५ वर्षांवरच्या निरक्षरांसाठी, स्वयंसेवकांच्या बळावर. त्याच्या १५० गुणांच्या चाचणीत वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण आहेत. म्हणजे एक तृतीयांश गणित. गोवा २०२५ च्या मे महिन्यात त्याखाली पूर्ण साक्षर जाहीर झाला. जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, १९५९ मध्ये साताऱ्यातूनच ग्रामशिक्षण मोहीम उभी राहिली. त्या भागातली मी, आणि आमच्या परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत महाराष्ट्रातल्या प्रौढवर्गाबद्दल एक सत्र पाहायला मिळावं म्हणून मला वर्षानुवर्षं थांबावं लागतंय. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून धारावीतल्या, घरच्या धंद्याला हातभार लावणाऱ्या मुलांच्या गणिताचा अभ्यास झालेला आहे, आणि तो दाखवतो की आपल्याकडे सांगण्यासारखं किती आहे. बाजारात बसणाऱ्या, बचत गटाचं व्याज तोंडी काढणाऱ्या बाईसमोर पन्नास गुणांचं संख्याज्ञान ठेवताना स्वयंसेवक काय करतो, ती काय करते, हे मला ऐकायचंय.

मंडळावरची मुदत संपली तेव्हा पुढच्या सचिवासाठी मी एक फाइल तयार केली. मुदतींच्या तारखा, निमंत्रणपत्राचा नमुना, महिन्यागणिक कामं, वेगवेगळ्या देशांतल्या घड्याळांचा तक्ता. आता मी परिषदेच्या कार्यक्रम समितीत मदत करते. भारतातल्या प्रौढवर्गांत शिकवणाऱ्या कुणाला सारांश पाठवायचा असेल तर मराठीत कच्चा लिहिला तरी चालेल. इंग्रजीत उतरवायला मी आणि आणखी दोघी जणी तयार आहोत. दूरस्थ सत्रांसाठी सकाळचा पहिला तास राखून ठेवावा, असं मी समितीला कळवलं आहे. लंडनच्या जुलैमधले सकाळचे ९ म्हणजे महाराष्ट्रातले दुपारचे दीड.